सिमेंट तेच, मग फुगा कशाला?

"दादा, मावशीचा कॅन्सर मणक्यात उतरलाय, तिथे सिमेंट भरायचं म्हणतात. साधं भरू का फुग्याचं?" मेडिकल चौकात चहा घेताना यवतमाळहून पेशंट घेऊन आलेल्या पोराने विचारलं.

स्तनाचा, प्रोस्टेटचा किंवा फुप्फुसाचा कॅन्सर हाडात उतरला की मणका आतून पोखरतो आणि एखाद्या खोकल्याच्या उबळीनेही खचून बसतो. साधं म्हणजे व्हर्टिब्रोप्लास्टी: एक्स-रेच्या पडद्यावर बघत पाठीतून मणक्यात सुई घालायची आणि हाडांसाठीचं वैद्यकीय सिमेंट थेट भरायचं. १९८४ साली फ्रान्समध्ये ती पहिल्यांदा झाली तीही मानेच्या मणक्यातल्या गाठीसाठी. म्हातारपणाच्या ठिसूळ हाडांकडे ती नंतर वळली.

फुग्याची ती कायफोप्लास्टी. आधी मणक्यात छोटा फुगा फुगवून पोकळी करतात, तो काढून घेतात आणि तिथे जरा घट्ट सिमेंट कमी दाबाने भरतात. बसलेला मणका थोडा वर येऊ शकतो, पण खरा फायदा गळतीचा. कॅन्सरने मणक्याची मागची भिंत खाल्लेली असू शकते आणि तिच्या पलीकडेच मज्जारज्जू असतो. पातळ सिमेंट तिकडे झिरपलं तर पंचाईत. फुग्यात हा धोका कमी होतो, जात नाही. खर्च मात्र बराच वाढतो.

दुखणं थांबवण्यात दोघींत फार फरक नाही. २०११ साली छापलेली १३४ कॅन्सर रुग्णांची चाचणी फुग्याच्या बाजूने दाखवली जाते, पण तिथे तुलना विना-ऑपरेशन उपचारांशी होती, साध्या सिमेंटशी नव्हे.

आणि सिमेंट कॅन्सरवरचा इलाज नव्हे. त्यासाठी बहुतेकदा रेडिएशन लागतं. त्याने दुखणं उतरायला दोन-तीन आठवडे जाऊ शकतात, तर सिमेंटचा आराम बहुधा दोन-तीन दिवसांत कळतो.

मी पोराला उलट विचारलं, "पायातली ताकद गेली का? लघवी अडते?" तसं असेल तर मज्जारज्जू दबतोय, मग साधं की फुग्याचं हा घोळ सोडून त्याच दिवशी एमआरआय, स्टिरॉइड आणि ऑपरेशन किंवा रेडिएशनचा निर्णय.

"नाही, चालते. कूस बदलताना तेवढी ओरडते."

"मग डॉक्टरांना एवढंच विचार, मागची भिंत शाबूत आहे का?"