सेल्युलाइट: धडधाकट मांडीला आजार कसा चिकटला

मांडीची कातडी दोन बोटांत धरून जरा दाबली, की वरचा भाग उंचसखल होतो. काहींना चिमटाही घ्यावा लागत नाही, नुसतं उभं राहिलं तरी खळगे दिसतात. यालाच सेल्युलाइट म्हणतात. वरून एकच दिवा असेल तर जरा जास्तच, कारण प्रत्येक खळग्यात सावली पडते. वयात आलेल्या दर दहा बायकांपैकी आठ-नऊ जणींना हे कमीअधिक प्रमाणात असतं. बारीक असो, जाड असो, रोज पळणारी असो, त्यातून सुटका फार थोड्या जणींची. इतक्या जणींमध्ये आढळणारी गोष्ट खरं तर शरीराची ठेवण म्हणायची. पण हिला दोष म्हटलं जातं, आणि तसं म्हणायला लागून अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत.

त्याआधी लोकांना हे दिसत नव्हतं असं नाही. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात रुबेन्सचं 1630च्या दशकातलं एक चित्र आहे: तीन देवता, अंगावर जवळपास काही नाही, एकमेकींना धरून उभ्या. त्यांच्या मांड्यांवर आणि नितंबांवर खळ्या आहेत. चित्रकाराने त्या अंधारात ढकललेल्या नाहीत, चांगल्या उजेडात आणून मन लावून रंगवल्या आहेत. आणि या कुणी हिणवायला काढलेल्या बायका नव्हेत, लावण्याच्या देवता आहेत. (गालावरच्या खळीचं कौतुक आपण आजही करतोच. तीच मांडीवर आली की नाक मुरडतो.)

‘सेल्युलाइट’ हा शब्द फ्रान्सचा, आणि जन्मला तो डॉक्टरांच्या टेबलावर. 1873च्या एका फ्रेंच वैद्यकीय कोशात तो आहे, पण तिथे त्याचा अर्थ त्वचेखालच्या ऊतींचा दाह असा आहे. हा दाह खरा आजार, आणि त्याचं आजचं नाव सेल्युलायटिस. त्यात जंतुसंसर्ग होऊन भाग लाल, गरम, सुजलेला आणि दुखरा होतो, बऱ्याचदा तापही येतो, आणि तेव्हा डॉक्टरकडे लगेच जायचं असतं. खळग्यांशी त्याचा काही संबंध नाही. पण नावाला चिकटलेला आजाराचा वास पुढे कामी आला.

1920च्या सुमारास फ्रेंच डॉक्टरच त्वचेखालच्या ऊतींमधल्या, दाह नसलेल्या बिघाडाबद्दल याच नावाने लिहू लागले. तोवर स्कर्ट आखूड झाले होते, पाय पहिल्यांदाच चारचौघांत दिसू लागले होते, आणि सडपातळ बांध्याची टूम निघाली होती. 1933 मध्ये ‘व्होत्र बोते’ या सौंदर्यविषयक मासिकाने सेल्युलाइट वाचकांपुढे आणलं. पाणी, शरीरातला कचरा, विषारी द्रव्यं आणि चरबी यांचं मिश्रण, असं त्याचं वर्णन होतं. हे मासिक लॉरेआल या सौंदर्यप्रसाधनं विकणाऱ्या कंपनीचे संस्थापक यूजीन श्युलेर यांचं, हे ध्यानात घ्यायला हवं. दोष सांगणारा आणि उपाय विकणारा एकाच घरातले निघाले! ‘शरीरात साठलेली विषारी द्रव्यं’ ही कल्पना तर आजही डब्यांवर, बाटल्यांवर जशीच्या तशी छापलेली सापडते. तिला आधार तेव्हाही नव्हता.

अमेरिकेत हे वारं उशिरा पोचलं. 1968 मध्ये ‘व्होग’ या फॅशन मासिकाने या नव्या शब्दाची ओळख करून दिली. 1973 मध्ये न्यूयॉर्कमध्ये सौंदर्यकेंद्र चालवणाऱ्या निकोल रोन्सार्ड यांचं त्यावरचं पुस्तक आलं आणि धडाक्यात खपलं. आधीच्या पिढीतल्या बायकांच्या मांड्या काही वेगळ्या नव्हत्या. त्यांना फक्त काळजी करायला कुणी सांगितलं नव्हतं.

खरं काय आहे ते 1978 मध्ये नुर्नबर्गर आणि म्युलर या जर्मन संशोधकांनी मांडलं. त्यांच्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच ‘मनाने रचलेला आजार’ असे शब्द होते. त्यांनी मांडी-नितंबांच्या कातडीचे छेद घेऊन तपासले. कातडीखालच्या चरबीचे छोटे छोटे कप्पे असतात, आणि त्यांच्यामध्ये तंतूंचे पडदे. पुरुषांमध्ये हे पडदे तिरके, एकमेकांना छेदत जातात, त्यामुळे कप्पे लहान आणि घट्ट राहतात. बायकांमध्ये बरेचसे पडदे उभे असतात आणि कप्पे मोठे. मग चरबी वर दबते, पडदा कातडीला खाली ओढून धरतो, आणि टाके घातलेल्या गादीसारखा पृष्ठभाग तयार होतो. पुरुषी संप्रेरकं कमी असलेल्या पुरुषांमध्येही अशी त्वचा दिसते, हेही त्यांनी नोंदवलं. म्हणजे प्रश्न चरबीच्या ‘खराब’ असण्याचा नाहीच, रचनेचा आहे. पुढच्या संशोधनात यात दुरुस्त्या झाल्या, पण आजार नव्हे हे म्हणणं टिकलं.

बाजाराने त्याची फारशी दखल घेतली नाही. कॅफिनची क्रीमं आली, मसाजची यंत्रं आली, त्यांनी फार तर काही काळ कातडी जरा ताणलेली दिसते. लायपोसक्शनने चरबी जाते, पडदे तिथेच राहतात, आणि कधीकधी खळगे उलट उठून दिसतात. ‘सेलासीन’ नावाच्या वनस्पतीजन्य गोळ्या इतक्या गाजल्या, की दाव्यांना आधार नसल्याबद्दल 2000 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला कोर्टात जावं लागलं. 2020 मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने नितंबांवरच्या खळग्यांसाठी एका इंजेक्शनला मान्यता दिली. ते पडद्यांतलं कोलॅजन, म्हणजे तंतू ज्याचे बनतात ते प्रथिन, विरघळवत असे, म्हणजे निदान योग्य जागी हात घालत होतं. पण त्याने काळेनिळे डाग पडत, त्वचेचा रंग बदले. 2022च्या अखेरीस कंपनीनेच ते थांबवलं.

या दशकांत बाईला आपल्या मांडीची लाज वाटावी म्हणून जितका पैसा ओतला गेला, त्यापुढे ‘स्वतःला स्वीकारा’ हा सल्ला मला जरा स्वस्तातला वाटतो. त्याहून उपयोगी काही घडलं ते फोटोंच्या बाबतीत. 2014 मध्ये ‘एरी’ या अंतर्वस्त्रांच्या ब्रँडने मॉडेलचे फोटो फेरफार न करता छापायचं ठरवलं, आणि खऱ्या मांड्या जाहिरातीत दिसू लागल्या. फ्रान्समध्ये ऑक्टोबर 2017 पासून मॉडेलचा बांधा बारीक किंवा जाड करून दाखवला असेल, तर जाहिरातीवर ‘फोटोत बदल केलेला आहे’ असं लिहिणं सक्तीचं झालं. नियम बांध्यापुरता आहे. मांडीवरचे खळगे पुसले तर त्याची नोंद तिथेही द्यावी लागत नाही.