उदासीची गोळी आणि आठवणींचा आजार

विड्या वळण्यात उमर गेलेल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या आजीला विस्मरण जडलं, की घरचे चक्रावतात. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही, नातवाला मुलाच्या नावानं हाक जाते. पण मांडीवर सूप ठेवलं की बोटं बिनचूक चालतात. पानात तंबाखू, गुंडाळी, टोक मुडपलं, दोरा. अल्झायमर हा विस्मरणाचा आजार सहसा आधी हिप्पोकॅम्पसवर, म्हणजे नव्या आठवणी साठवणाऱ्या भागावर घाला घालतो. हाताची सवय मेंदूत दुसरीकडे असते, ती उशिरा जाते.

याच आजीला डॉक्टरांनी उदासीवरची गोळी लिहिली, की कुजबुज सुरू होते. "ह्या गोळीनंच डोस्कं बिघडलंय बघा."

शंका अगदीच वेडगळ नाही. पण प्रयोगशाळेतला पुरावा नेमका उलट बाजूचा आहे. अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइड बीटा या प्रथिनाचे थर साचतात. उदासीवरच्या बऱ्याच गोळ्या मेंदूतलं सेरोटोनिन हे निरोप पोचवणारं रसायन वाढवतात. ते वाढलं, की ज्या मोठ्या प्रथिनापासून अमायलॉइड बनतं ते वेगळ्या जागी कापलं जातं आणि अमायलॉइड कमी तयार होतं. २०१४ मध्ये अमेरिकेत २३ निरोगी माणसांवर हे तपासलं. सिटालोप्रॅम या अशाच गोळीचा ६० मिलिग्रॅमचा एकच डोस घेणाऱ्यांच्या पाठीच्या कण्यातल्या द्रवात अमायलॉइड, खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा ३८ टक्के कमी होतं. उंदरांमध्ये नवे थर साचणं ७८ टक्क्यांनी घटलं.

एवढ्यावर हुरळून जाऊ नये. निरोगी माणसाचा द्रव वेगळा आणि आजारी माणसाचा दिवस वेगळा. २०११ साली ब्रिटनमध्ये अल्झायमर असलेल्या ३२६ उदास रुग्णांवर चाचणी झाली. सर्ट्रालिन काय, मिर्टाझापिन काय, उदासीवरची कुठलीच गोळी खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही. २०१४ च्या दुसऱ्या चाचणीत सिटालोप्रॅमनं रुग्णांची तगमग कमी झाली खरी, पण बुद्धीच्या चाचणीत हे रुग्ण किंचित घसरले आणि हृदयाच्या आलेखातही बदल दिसले.

मग २०२५ मध्ये स्वीडनमधली १८,७४० स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची पाहणी आली: उदासीवरच्या गोळ्या घेणाऱ्यांची बुद्धी जास्त वेगानं उतरत होती. बातमीचे मथळे तेवढंच सांगून थांबले. पण गोळी मिळते कुणाला? जो जास्त उदास, बेचैन, त्याला. आणि मेंदू झपाट्यानं झिजतो तेव्हाही हीच लक्षणं उफाळतात. नुसत्या नोंदींवरून गोळीचा दोष आणि आजाराचा दोष वेगळा काढता येत नाही.

माझं मत विचाराल, तर खरी नजर ठेवायची ती दोन साध्या गोष्टींवर. पहिली, सोडियम. सेरोटोनिन वाढवणाऱ्या या गोळ्यांनी म्हाताऱ्यांच्या रक्तातलं सोडियम उतरू शकतं, विशेषतः सुरुवातीच्या आठवड्यांत. माणूस अचानक बरळू लागतो आणि घरचे म्हणतात, आजार वाढला. साध्या रक्ततपासणीत हे कळतं. दुसरी, अमिट्रिप्टिलिन. तीही मूळची उदासीवरचीच, पण पायांच्या जळजळीसाठी किंवा झोपेसाठी कुणीतरी कधीकाळी लिहिलेली असते आणि वर्षानुवर्षं चालू राहते. अल्झायमरमध्ये आधीच आटलेल्या अॅसिटिलकोलिनचं, म्हणजे आठवणींना लागणाऱ्या रसायनाचं काम ती अडवते. डोनेपेझिल हे अल्झायमरचं औषध नेमकं तेच रसायन टिकवायला दिलेलं असतं. एकाच डब्यात दोन्ही स्ट्रिप दिसल्या, तर गोळी मनानं बंद न करता अख्खा डबाच डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवा.