पूर्वनिर्णयाचे बंधन (भारत)

सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा भारताच्या राज्यक्षेत्रातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो, हे तत्त्व. आधार : संविधानाचा अनुच्छेद १४१.

तरतुदीचा थेट पूर्वज म्हणजे १९३५ च्या भारत शासन अधिनियमाचे कलम २१२. फेडरल न्यायालयाने (सर्वोच्च न्यायालयाचा पूर्वावतार) घोषित केलेला कायदा आणि प्रिव्ही कौन्सिलचे (लंडनमधील तत्कालीन अंतिम अपील संस्था) निर्णय यांना त्याने बंधनकारक ठरवले. प्रथा मात्र त्याहून जुनी. तिची सुरुवात १८६१ च्या उच्च न्यायालय अधिनियमापासून धरता येते. तरी निवाड्याचा विश्वसनीय छापील पाठ हाती असल्याशिवाय बंधनाला अर्थ नाही. म्हणून उच्च न्यायालयांच्या निवाड्यांचे शासनमान्य वृत्तांतच बंधनकारक दाखला मानण्याची सक्ती ठेवणारा १८७५ चा इंडियन लॉ रिपोर्ट्स अधिनियम हा टप्पा अधिक महत्त्वाचा वाटतो.

‘सर्व न्यायालये’ यांत स्वतः सर्वोच्च न्यायालय येत नाही, हे बेंगाल इम्युनिटी प्रकरणात (१९५५) ठरले. लहान किंवा समसंख्य पीठाला मात्र आधीचा निर्णय मोडता येत नाही. तो पटला नाही, तर मोठ्या पीठाकडे प्रकरण पाठवण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवावे लागते (दाऊदी बोहरा मंडळ प्रकरण, २००४). बळ पीठाच्या एकूण संख्येवरून मोजतात, बहुमतात किती न्यायाधीश होते यावरून नव्हे : सात जणांच्या पीठाचा ४ विरुद्ध ३ निर्णय पाच जणांच्या एकमुखी निर्णयापेक्षा वरचढ ठरतो.

बांधतो तो निर्णयाधार (रेशो डिसिडेन्डाय), म्हणजे निकालासाठी आवश्यक ठरलेला कायद्याचा सिद्धांत. निकाल पक्षकारांपुरता असतो. निर्णयाधार शोधताना महत्त्वाची तथ्ये, उपस्थित झालेला प्रश्न आणि त्यावरचे उत्तर ही तिन्ही जुळवून पाहावी लागतात. एक कसोटी अशी : सिद्धांत उलटा करून पाहावा, निकाल तरीही तोच राहत असेल, तर ते आनुषंगिक मत (ऑबिटर डिक्टा) होय. ही कसोटी एकाच निर्णयाला दोन स्वतंत्र आधार असले की फसते.

खरा वाद आनुषंगिक मताबद्दल आहे. खालच्या न्यायालयांनी तेही पाळावे, असा एक पक्ष; ‘घोषित कायदा’ म्हणजे निर्णयाधारच, असा दुसरा. मोहनदास इस्सरदास प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी मध्यममार्ग काढला : निर्णयासाठी उपस्थित झालेल्या प्रश्नावरील मत, निकालास अनावश्यक असले तरी, पाळावे, ओघात केलेले भाष्य नाही. ही भूमिका अधिक ग्राह्य दिसते.

चूक बहुधा शिरोटिप्पणीतून (हेडनोट, वृत्तांतात निवाड्याच्या आधी छापलेला सारांश) होते. ती संपादकाची असते. निवाड्याचा भाग नसतो. दुसरी चूक, विशेष अनुमती याचिका (सर्वोच्च न्यायालयात अपिलाची परवानगी मागणारा अर्ज) कारणे न देता फेटाळली की खालचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला असे धरणे. तसे नाही : त्यात कायदा घोषित होत नाही, खालचा आदेश सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशात विलीनही होत नाही (कुन्हयम्मद प्रकरण, २०००). अनुच्छेद १४२ खाली (संपूर्ण न्यायासाठीचा विशेष अधिकार) त्या प्रकरणापुरता दिलेला आदेशही सामान्यतः दाखला ठरत नाही.

बंधनकारक तरतूद किंवा निर्णय नजरेआड होऊन दिलेला निवाडा (पर इन्क्युरियम) बळ गमावतो. ही सबब दुय्यम न्यायालयाने सर्वोच्च न्यायालयाविरुद्ध वापरू नये. तथ्यांचा फरक असल्यास तो कारणांसह नोंदवून निर्णय लागू नसल्याचे म्हणता येते. केवळ ‘तथ्ये भिन्न’ एवढे लिहिणे अपुरे. उच्च न्यायालयाचा निर्णय त्याच्या क्षेत्रातील न्यायालये व न्यायाधिकरणांना बांधतो. इतर राज्यांत तो अनुनयी, म्हणजे पटल्यास स्वीकारण्याजोगा, पण बंधनकारक नव्हे.