टायसन म्हणजे जास्त ताकदीचा फ्रेझर नव्हे

मोहम्मद अली आणि माईक टायसन बॉक्सिंगच्या रिंगमध्ये समोरासमोर आले असते तर कोण जिंकले असते, हा वाद निघाला की थोड्याच वेळात एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. जो फ्रेझर या बॉक्सरने अलीला हरवले होते. टायसन म्हणजे फ्रेझरच, फक्त वजनाने भारी, हाताने चपळ आणि दोन्ही हातांनी घातक. तेव्हा टायसनने अलीला हरवलेच असते. यातले पहिले विधान खरे आहे, दुसरे साफ चूक आहे आणि तिसरे दुसऱ्यावर उभे असल्यामुळे त्याला काहीच आधार उरत नाही. ही गल्लत मी इतक्या वेळा ऐकली आहे की अली-टायसन हा वाद बाजूला ठेवून आधी फ्रेझर आणि टायसन यांनाच एकमेकांसमोर उभे करणे मला जास्त गरजेचे वाटते.

टायसन बहुतेकांना माहीत आहे. प्रशिक्षक कस डमॅटोच्या हाताखाली न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिलमध्ये घडलेला, २२ नोव्हेंबर १९८६ रोजी ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्या फेरीत हरवून विसाव्या वर्षीच हेवीवेट जगज्जेता झालेला आणि २७ जून १९८८ रोजी मायकेल स्पिंक्सला ९१ सेकंदांत आडवा करणारा हा बॉक्सर आहे. या लेखात टायसन म्हणजे १९८६ ते १९८८ या काळातला, प्रशिक्षक केविन रूनी त्याच्या कॉर्नरमध्ये (रिंगच्या कोपऱ्यात सूचना द्यायला) असतानाचा टायसन. आणि फ्रेझर म्हणजे ८ मार्च १९७१ च्या रात्री मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अलीसमोर उतरलेला फ्रेझर.

दोघांत गल्लत का होते, हे समजण्यासारखे आहे. दोघेही सहा फुटांच्या आतले, दोघांचे हात हेवीवेटच्या मानाने आखूड, दोघेही डोके हलवत पुढे सरकणारे आणि दोघांचाही डावा हूक, म्हणजे वाकवलेल्या हाताने बाजूने मारलेला ठोसा, भीतिदायक. वजनात फरक होता: अलीविरुद्ध फ्रेझर २०५ पौंडांच्या किंचित वर होता, तर स्पिंक्सविरुद्ध टायसन २१८ च्या आसपास. पण या तेरा पौंडांवर तासन्तास वाद घालणाऱ्यांनी फ्रेझरचा हूक खाल्लेल्यांचे चेहरे पाहावेत. टायसनचे दोन्ही हात सारखेच धोकादायक होते, तर फ्रेझरची सगळी भिस्त डाव्या हातावर होती, हा फरकही खरा आहे. लहानपणी दुखावलेला तो डावा हात पुन्हा कधी पूर्ण सरळ झाला नाही, असे फ्रेझर सांगत असे. हूकसाठी वाकवलेला हात त्याला जन्मभर तयारच मिळाला. पण खरा घोटाळा याहीपेक्षा वेगळ्या जागी आहे.

तो आहे ‘पुढे जाणे’ या शब्दांत. दोघेही पुढे जातात असे आपण म्हणतो आणि तिथेच फसतो, कारण टायसनचे पुढे जाणे झेपेसारखे आहे आणि फ्रेझरचे पुराच्या पाण्यासारखे. टायसन गालांजवळ हात धरून, डोके डावीकडून उजवीकडे झुलवत, समोरच्याचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, चुकण्याची वाट पाहत असतो. जॅब चुकला की तो एका पावलात अंतर मिटवतो, आणि तीन-चार ठोसे एका दमात पडतात: उजवा बरगड्यांवर, त्याच हाताचा अपरकट (खालून वर येणारा ठोसा) हनुवटीवर, मागोमाग डावा हूक. त्या दोन सेकंदांत काम झाले तर लढत संपते. झाले नाही तर समोरचा त्याला कवटाळतो, रेफ्री दोघांना सोडवतो आणि टायसनला पुन्हा बाहेरून सुरुवात करावी लागते. मार्च १९८७ मध्ये जेम्स ‘बोनक्रशर’ स्मिथने बाराच्या बारा फेऱ्या जवळजवळ एवढेच केले. तो हरला, पण उभा राहिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टोनी टकरही बारा फेऱ्या टिकला. टायसनचा दम कमी होता असे जे म्हणतात ते त्याच्यावर अन्याय करतात. बारा फेऱ्या तो जोमाने लढू शकत होता. पण पहिल्या चार फेऱ्यांत जे ठोसे झुंडीने येत, ते आठव्या-नवव्या फेरीत सुटेसुटे येऊ लागत.

फ्रेझरला झेप नव्हतीच. तो वाकून, खांदे डुलवत आत शिरायचा आणि एकदा छातीशी पोहोचला की तिथून हलायचा नाही. समोरच्याने मिठी मारली तरी त्याचा मोकळा हात बरगड्यांवर चालूच असायचा. आत येताना तीन ठोसे खावे लागले तरी एक पोचवता आला तर सौदा फायद्याचा, असा त्याचा हिशेब होता, आणि पंधरा फेऱ्यांच्या लढतीत तो हिशेब बहुधा बरोबर निघायचा. म्हणूनच फ्रेझर उशिरा तापायचा. सप्टेंबर १९६६ मध्ये ऑस्कर बोनाव्हेनाने त्याला दुसऱ्याच फेरीत दोनदा खाली पाडले. त्या नियमांनुसार त्याच फेरीत तिसऱ्यांदा पडला असता तर लढत तिथेच संपली असती. तो उठला आणि दहा फेऱ्यांनंतर गुणांवर जिंकला. १९६८ मध्ये प्रचंड देहाच्या बस्टर मॅथिसला संपवायला त्याला अकरावी फेरी लागली, आणि त्या अकरा फेऱ्यांत मॅथिस कसा थोडाथोडा खचत गेला, हे पाहण्यासारखे आहे.

१९७१ ची लढत या नजरेने पाहिली की सगळा उलगडा होतो. सुरुवातीच्या फेऱ्यांत अलीचे जॅब आणि उजवे ठोसे फ्रेझरच्या चेहऱ्यावर पडत राहतात आणि फ्रेझर ते खात पोटावर, बरगड्यांवर मारत राहतो. अली अपरकट मारताना उजवा हात खाली आणतो, हे फ्रेझरच्या गोटातल्या एडी फचने हेरले होते आणि त्याच क्षणी डावा हूक सोडायला त्याने सांगून ठेवले होते. अकराव्या फेरीत एक हूक असा बसतो की अलीचे गुडघे डळमळतात. आणि पंधराव्या फेरीत, जेव्हा अलीचे पाय पहिल्यासारखे हलेनासे झालेले असतात, तेव्हा फ्रेझर जवळजवळ जमिनीपासून उचलून आणल्यासारखा डावा हूक टाकतो. अली पाठीवर पडतो, पाय वर जातात आणि बुटांवरचे लाल गोंडे हवेत उडतात. तो लगेच उठतो, पण लढत फ्रेझरची झालेली असते. तो हूक निव्वळ ताकदीचा नव्हता. त्याच्यामागे चौदा फेऱ्यांची मजुरी होती. तोच हूक दुसऱ्या फेरीत आला असता तर अली अर्धा फूट मागे झुकून निघून गेला असता. टायसन दुसऱ्या फेरीत असतो तेव्हा सर्वांत धोकादायक असतो आणि नेमका त्याच वेळी अलीही सर्वांत चपळ असतो. म्हणून फ्रेझरने अलीला हरवले यावरून टायसनबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

आता दोघे समोरासमोर. इथे दोन ‘पुरावे’ नेहमी फेकले जातात आणि दोन्ही मला खटकतात. पहिला मार्व्हिस फ्रेझरचा. २६ जुलै १९८६ रोजी ग्लेन्स फॉल्समध्ये टायसनने जोच्या मुलाला अवघ्या ३० सेकंदांत संपवले, हे खरे आहे आणि जो त्या वेळी मुलाच्या कॉर्नरमध्ये होता, हेही खरे आहे. पण मार्व्हिस हा वडिलांच्या घडणीचा बॉक्सर नव्हता आणि त्याआधी १९८३ मध्ये लॅरी होम्सनेही त्याला पहिल्याच फेरीत हरवले होते. मुलाच्या पराभवावरून बापाची ठोसे सोसण्याची ताकद मोजणे हा युक्तिवाद नाही. कॉर्नरमधून ते पाहणाऱ्या बापाबद्दल तर तो निष्ठुरपणा आहे.

दुसरा पुरावा जॉर्ज फोरमनचा. २२ जानेवारी १९७३ रोजी किंग्स्टनमध्ये फोरमनने फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडले. मग टायसनही पाडणारच, असे म्हणतात. पण फोरमनने ते कसे केले, हे पाहा. सहा फुटांवर तीन इंच उंचीचा तो माणूस दोन्ही हातांनी फ्रेझरला ढकलून लांब ठेवत होता, आणि वाकून पुन्हा आत येणाऱ्या डोक्याला खालून येणाऱ्या ठोशाने गाठत होता. टायसनला फ्रेझरला असे ढकलून लांब ठेवणे शक्यच नव्हते, कारण टायसनचे हात फ्रेझरहूनही आखूड. ठोसा मारायचा तर टायसनला फ्रेझरच्या अंगणात जावे लागते, जिथे फ्रेझरचा डावा हातही पोहोचतो.

तरीही माझा कौल टायसनलाच आहे. फ्रेझरला तापायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ टायसन देत नाही. शिवाय वाकून येणाऱ्या डोक्यासाठी उजव्या अपरकटइतके जालीम औषध नाही आणि टायसनचा तो आवडता ठोसा होता. दहा वेळा ही लढत झाली असती तर सहा वेळा ती तिसऱ्या फेरीच्या आत टायसनने संपवली असती, असे मला वाटते. उरलेल्या चार वेळा फ्रेझर बोनाव्हेनासमोर उठला तसा उठला असता, पाचव्या फेरीत छातीशी येऊन उभा राहिला असता आणि मग टायसनला अशा गोष्टीला तोंड द्यावे लागले असते जी त्याच्यासमोर त्या काळात कधीच आली नाही: मिठी न मारणारा, मागे न जाणारा आणि ठोसा खाऊन लगेच ठोसा देणारा माणूस. टोकियोत ११ फेब्रुवारी १९९० रोजी बस्टर डग्लस आठव्या फेरीत पडून उठला आणि दहाव्या फेरीत टायसन कॅनव्हासवर रांगत आपला माऊथगार्ड शोधत होता. डग्लस जॅबने लांबून लढत होता. फ्रेझरने तीच फेरी टायसनच्या बरगड्यांना खेटून काढली असती आणि लढत पंधरा फेऱ्यांची असती तर त्या चार वेळांपैकी एकदाही मी टायसनच्या बाजूने उभा राहिलो नसतो.