कार्डिफ बे की कार्डिगन बे?

मागच्या उन्हाळ्यात मामेभावाचा फोन आला. “आम्ही कार्डिफ बेला दोन रात्री राहतोय, पोरांना डॉल्फिन दाखवायचेत.” सोबत मामी, दोन मुलं, हॉटेलचे पैसे आधीच भरलेले. मी विचारलं, “कार्डिफ की कार्डिगन?” पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाला, “एकच ना ते?”

एकच नाही. दोन्ही वेल्समध्ये आहेत आणि दोन्ही नावं ‘कार्ड’ने सुरू होऊन ‘बे’ने संपतात, म्हणून घोटाळा होतो. पण दोघांमध्ये गाडीने अडीच-तीन तासांचं अंतर आहे, आणि त्यातल्या एका ‘बे’मध्ये समुद्रच नाही.

वेल्श भाषेत हा गोंधळ इतका होत नसावा. तिथे कार्डिफ म्हणजे काएरदीध. त्यातला ‘काएर’ म्हणजे किल्ला. कार्डिगन हे केरेदिग्योनचं इंग्रजांच्या तोंडी झालेलं रूप, अर्थ ‘केरेदिगचा मुलूख’. केरेदिग हा पाचव्या शतकातला सरदार मानतात. (आपण थंडीत घालतो ते बटणांचं कार्डिगनही याच नावावरून, पण ते क्रिमियाच्या युद्धात लढलेल्या एका अर्ल ऑफ कार्डिगनमार्फत आलं.) मराठीतही हे सोपं झालं असतं. आपल्याकडे उपसागर वेगळा, खाडी वेगळी, तळं वेगळं. त्या हिशेबाने कार्डिगन बे हा खराखुरा उपसागर: उत्तरेला ल्लीन द्वीपकल्प, दक्षिणेला पेंब्रुकशरचे कडे, आणि समोर थेट आयर्लंडपर्यंत पाणी. आणि कार्डिफ बे? ते तळं. तेही माणसाने केलेलं, गोड्या पाण्याचं.

ते तळं कसं झालं हे कळलं की तिथे पोरांना काय दाखवायचं हेही कळतं. कार्डिफ कोळशावर वाढलं. मागच्या खोऱ्यांतला कोळसा जहाजांवर चढवायला मार्क्वेस ऑफ ब्यूटने बांधलेली पहिली गोदी 1839 मध्ये सुरू झाली, आणि 1913 च्या सुमारास इथून जाणारा कोळसा कळसाला पोचला. नॉर्वेहून खाणीत टेकू द्यायला लाकूड यायचं, परतताना जहाजं कोळसा न्यायची. त्या नॉर्वेजियन खलाशांसाठी बांधलेलं छोटं पांढरं लाकडी चर्च आजही पाण्याकाठी उभं आहे. मुलांचा लाडका लेखक रोआल्ड डाल, जन्म 1916, कार्डिफचाच, त्याचा बाप्तिस्मा याच चर्चमध्ये झाला. मग कोळसा गेला, गोद्या ओस पडल्या आणि मागे राहिला चिखल.

चिखल का, तर कार्डिफ ज्या सेव्हर्न नदीच्या मुखाशी आहे, तिथे भरती-ओहोटीतला फरक जगातल्या सगळ्यांत मोठ्या फरकांपैकी आहे. मोठ्या भरतीला तो 12 ते 14 मीटर होतो. मुंबईत भरतीचं पाणी पाच मीटरच्या आसपास गेलं की टीव्हीवर पट्ट्या धावतात. इथे त्याच्या दुपटीहून जास्त पाणी दिवसातून दोनदा येऊन जातं. ओहोटीला गोदीसमोर नुसता करडा गाळ. नव्या काचेच्या इमारती बांधायच्या तर समोर गाळ कोण बघणार? म्हणून या बेच्या तोंडावर 1.1 किलोमीटरचा बंधारा घातला. 1999 मध्ये तो पुरा झाला. टाफ आणि ईली या दोन नद्यांचं पाणी आत अडलं आणि सुमारे 200 हेक्टरचं तळं तयार झालं. गाळात चोच खुपसून पोट भरणारे पक्षी बेघर होणार म्हणून पक्षीप्रेमींनी विरोध केला होता. त्या बदल्यात न्यूपोर्टजवळ पाणथळ जागा तयार करून दिली. मला विचाराल तर बंधारा हेच तिथलं सगळ्यांत चांगलं प्रेक्षणीय स्थळ. आत तळ्याची पातळी एक, बाहेर समुद्राची दुसरी, आणि मधल्या दारांतून बोटी एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर चढतात-उतरतात. सहा वर्षांचं मूल तिथे तासभर हलत नाही, आणि पैसा लागत नाही.

बाकी कार्डिफ बे म्हणजे शहराचा एक भाग आहे. वेल्सची संसद सेनेड, वास्तुविशारद रिचर्ड रॉजर्सची इमारत, 2006 ची: आत जायला तिकीट नाही, सुरक्षा तपासणी मात्र आहे. शेजारी वेल्स मिलेनियम सेंटर, टेक्निक्वेस्ट हे विज्ञान केंद्र, खाण्याची ठिकाणं, तळ्यातून फिरणाऱ्या बोटी. तळ्याभोवती 10 किलोमीटरची सपाट वाट आहे, बाबागाडी आणि गुडघे धरलेल्या आज्या दोघींना चालणारी. पाऊस आला की आत शिरायला दार जवळ असतं, आणि वेल्समध्ये पाऊस येतोच. पण वाळू नाही, पोहायला परवानगी नाही, आणि डॉल्फिन तर अजिबात नाहीत. वाळू हवीच असेल तर लोकलने बॅरी आयलंडला जायचं. नावात आयलंड असलं तरी ते आता बेट राहिलेलं नाही. (इथल्या नावांवर फार विसंबू नये. याच गोदीच्या वस्तीचं जुनं नाव ‘टायगर बे’ होतं.)

आता दुसरा बे. कार्डिगन बे म्हणून गाडीत पत्ता टाकता येत नाही, तसा ‘कोकण’ म्हणूनही टाकता येत नाही. तो शंभराहून जास्त किलोमीटरचा किनारा आहे, त्यातलं गाव तुम्हाला निवडावं लागतं. कार्डिगन नावाचं गाव आहे, पण ते टायवी नदीवर आहे, समुद्र तिथून थोडा पुढे. त्याचं वेल्श नाव अबरटायवी. ‘अबर’ म्हणजे नदीचं मुख, त्यामुळे या किनाऱ्यावर दर चार गावांमागे एक अबर भेटतो. गाव छान आहे, 1176 मध्ये तिथल्या किल्ल्यात लॉर्ड रीसने कवी-गायकांची स्पर्धा भरवली होती, तिलाच पहिला आइस्टेडवॉड, म्हणजे वेल्श काव्य-गायनाचा महोत्सव, मानतात. पण डॉल्फिनसाठी आलात तर न्यू की गाठा.

न्यू की हे उतारावरचं लहान बंदर. बोटी इथल्या धक्क्यावरूनच सुटतात, पण घाई करू नका. आधी धक्क्याच्या टोकाशी अर्धा तास बसा. उन्हाळ्यात बॉटलनोज डॉल्फिन बंदराच्या तोंडाशी मासे मारायला येतात आणि तिकीट न काढताच दिसतात. तारकर्लीला दिसतो तो हंपबॅक जातीचा. हा त्याहून धिप्पाड. थंड पाण्यातले बॉटलनोज मोठे होतात, इथले जवळजवळ चार मीटरपर्यंत. आपल्याकडे एखादा नावाडी डॉल्फिनमागे होडी पळवतो, तसं इथे चालत नाही: डॉल्फिन दिसला की वेग कमी करायचा, पाठलाग करायचा नाही, यायचं असेल तर तो येईल. मुलांची सुरुवातीला चिडचिड होते. मग तो येतो. चिप्स मात्र झाकून खा, सीगल हातातून नेतात.

न्यू कीच्या उत्तरेला अबरआयरन, रंगीत घरांचं आणि मध घातलेल्या आइस्क्रीमचं. आणखी वर अबरिस्टविथ: 1896 पासूनची कड्यावर चढणारी रेल्वे, आणि किनाऱ्यालगत चालत शेवटपर्यंत गेल्यावर तिथल्या कठड्याला लाथ मारायची गावाची रीत. का मारायची, हे कोणी धड सांगत नाही. मुलं विचारतही नाहीत, मारतात.

त्याच्याही वर बोर्थ. मोठ्या ओहोटीला, विशेषतः हिवाळी वादळांनी वाळू वाहून नेली की, तिथे साडेचार-पाच हजार वर्षांपूर्वीच्या जंगलाचे बुंधे वर येतात. समुद्र वाढला, जंगल बुडालं. लोकांनी त्याची गोष्ट केली: इथे कांत्रेर ग्वेलोद नावाचं सुपीक राज्य होतं, बांधाने राखलेलं. दारं सांभाळणारा सेथेनिन एका रात्री दारू पिऊन पडला, दारं उघडी राहिली आणि राज्य गेलं. शांत दिवशी पाण्याखालच्या घंटा ऐकू येतात म्हणे. द्वारकेची गोष्ट ऐकलेल्या मामींना हे लगेच पटलं. मला मात्र कार्डिफचा बंधारा आठवला. एका बेमध्ये दारं उघडी राहिली म्हणून समुद्र आत आला, दुसऱ्यात दारं लावून समुद्र बाहेर ठेवला.

निवडायचं कसं? गाडी नाही, दोनच दिवस आहेत, सोबत फार लहान किंवा फार म्हातारं माणूस आहे, तर कार्डिफ. लंडनहून रेल्वेने दोन तासांच्या आत. गाडी आहे, चार-पाच दिवस आहेत, मुलांनी कपडे भिजवले तरी चालतं, तर कार्डिगन. कार्डिफला राहून एका दिवसात डॉल्फिन बघून येऊ, हा बेत करू नका. भावाने केला. जाऊन-येऊन सहा तास गाडीत गेले आणि धाकटा दोनदा ओकला.

रेल्वेने जायचं झालं तर आणखी एक गंमत. कार्डिफहून अबरिस्टविथला जाणारी रेल्वे आधी इंग्लंडात शिरते, श्रूजबरीला गाडी बदलायची, मग परत वेल्स. पुढे माखन्लेथला बऱ्याच गाड्यांचे दोन भाग होतात: एक अबरिस्टविथला, दुसरा किनाऱ्याने उत्तरेला पुल्हेलीकडे. चुकीच्या डब्यात बसलात तरी वाईट नाही, बार्मथचा 1867 चा लाकडी पूल बघायला मिळेल. कार्डिगन गावाला तर रेल्वेच नाही, ती 1962 मध्ये बंद झाली.

आणि पत्ता टाकताना न्यू की दोन शब्दांत लिहा. जोडून लिहिलेलं न्यूकी इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये आहे, रस्त्याने चारशेहून जास्त किलोमीटर लांब. पोस्टकोड ‘एसए’ने सुरू होत असेल तर बरोबर. ‘टीआर’ने होत असेल तर गाडी बाजूला घ्या.