वाइसवुर्स्ट

वाइसवुर्स्ट : जर्मनीच्या बव्हेरिया राज्यात, विशेषतः म्यूनिक शहरात, दुपारच्या आत खाल्ले जाणारे पांढरे सॉसेज. ‘वाइस’ म्हणजे पांढरा व ‘वुर्स्ट’ म्हणजे सॉसेज. वासराचे मांस आणि डुकराच्या पाठीची चरबी बर्फ घालून अतिशय बारीक वाटतात, तो लगदा डुकराच्या लहान आतड्यात भरतात आणि उकळीपर्यंत न जाणाऱ्या पाण्यात शिजवतात. एका सॉसेजची लांबी साधारण १० ते १२ सेंमी. असते. गोड मस्टर्ड, ब्रेत्सन (प्रेट्झेल) आणि गव्हाची बिअर यांच्यासह तो एकच बेत मानला जातो. म्हणून या नोंदीत त्यांचाही विचार केला आहे.

बहुतेक जर्मन सॉसेज नायट्राइटयुक्त मीठ, धूर वा वाळवण यांपैकी कशाने तरी टिकवलेली असतात. वाइसवुर्स्टला यांपैकी काहीच लावत नाहीत, आणि त्याचा रंग, शिजवण्याची रीत, खाण्याची वेळ ही सर्व त्यातूनच ठरते. या बाबतीत ते मीठ, मिरची व व्हिनेगर यांवर टिकणाऱ्या गोव्याच्या चोरिसाच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. नायट्राइटयुक्त मीठ वापरले की मांसातील मायोग्लोबिन (मांसाला लाल रंग देणारे प्रथिन) गुलाबी राहते. साध्या मिठात शिजवलेले मांस करडे पडते. वासराच्या मांसात मायोग्लोबिन मुळात कमी आणि चरबीचे सूक्ष्म कण प्रकाश विखुरणारे, त्यामुळे हे सॉसेज पांढरट दिसते.

उगम : प्रचलित कथेनुसार २२ फेब्रुवारी १८५७ रोजी, कार्निव्हलच्या दिवसांत, म्यूनिकच्या मारियेनप्लात्स चौकातील ‘त्सुम एविगन लिख्ट’ (नंदादीप) या खाणावळीत हे सॉसेज योगायोगाने जन्मले. खाणावळीचे चालक योझेफ मोझर भाजायची सॉसेज भरत असताना मेंढीची बारीक आतडी संपली. हाताशी होती ती डुकराची आतडी. ती तव्यावर फुटतील या भीतीने त्यांनी सॉसेज गरम पाण्यात शिजवून गिऱ्हाइकांपुढे ठेवली, आणि ती लोकांना आवडली. काही पुस्तकांत हा दिवस ‘रोझेनमोंटाग’ म्हणजे कार्निव्हलचा सोमवार असल्याचे म्हटले आहे. ते पंचांगाशी जुळत नाही. १८५७ मध्ये ईस्टर १२ एप्रिलला होता, त्यावरून राखेचा बुधवार (कार्निव्हल संपल्यावर येणारा उपवासकाळाचा पहिला दिवस) २५ फेब्रुवारीला येतो. म्हणजे २२ फेब्रुवारी हा कार्निव्हलचा रविवार ठरतो. तारीख व वार यांतील हा मेळ नसणे कथा मागाहून घट्ट झाल्याचे लक्षण असू शकते.

कथेतील तांत्रिक धागाही कच्चा आहे. डुकराच्या आतड्यात भरलेली सॉसेज जर्मनीत सर्रास भाजली जातात, तेव्हा आतडी फुटण्याची भीती हे कारण पुरेसे वाटत नाही. शिवाय उकळीखालच्या पाण्यात शिजवलेली फिकट सॉसेज त्या काळी नवी नव्हती. म्यूनिकच्या इतिहासाच्या अभ्यासकांपैकी काहींच्या मते वाइसवुर्स्ट हे वसंत ऋतूतील कडक बॉक बिअरबरोबर खाल्ल्या जाणाऱ्या बॉकवुर्स्टचे स्थानिक रूप असून ते हळूहळू घडत गेले. फ्रान्समधील ‘बुदँ ब्लाँ’ या पांढऱ्या सॉसेजशी असलेले साम्यही दाखवले जाते. परंतु बुदँ ब्लाँमध्ये दूध, अंडी वा पाव असतो आणि वाइसवुर्स्टचा बांधा केवळ मांसातील प्रथिनांवर उभा असतो. त्यामुळे थेट उसनवारीपेक्षा समांतर घडण मानणे अधिक सयुक्तिक दिसते. मोझर यांच्या नावे सांगितली जाणारी घटना शोधाची नसून एका खाणावळीने रूढ पदार्थाला मिळवून दिलेल्या प्रसिद्धीची असावी.

घटक व कृती : म्यूनिकच्या रूढ नियमानुसार मांसापैकी किमान ५१ टक्के वासराचे असावे व चरबी ३० टक्क्यांहून अधिक नसावी. तयार लगद्याच्या १ किग्रॅ.मध्ये साधारणपणे वासराचे मांस ४५० ग्रॅ., डुकराची चरबी २५० ग्रॅ., बर्फ २२० ग्रॅ. आणि वासराच्या डोक्याची मऊ शिजवलेली कातडी ८० ग्रॅ. असे प्रमाण चालते. त्यात मीठ १८ ते २० ग्रॅ., पांढरी मिरी २ ग्रॅ., जायपत्री अर्धा ते एक ग्रॅम, थोडी सुंठ, किसलेली लिंबाची पिवळी साल, कांदा आणि ताजी पार्सली घालतात. काही खाटीक वेलदोडाही वापरतात. कातडी स्वस्त भर म्हणून घालतात असा समज आढळतो, पण तिच्यातील कोलॅजेन या प्रथिनामुळे सॉसेजला त्याचा हलका, लुसलुशीत पोत येतो. ती वगळली की सॉसेज रबरासारखे लागते.

प्रथम थंडगार मांस, मीठ व निम्मा बर्फ फिरत्या भांड्याच्या कटरमध्ये वाटतात. मिठामुळे मायोसिन हे प्रथिन स्नायूंतून सुटून चिकट होते व पाणी धरून ठेवते. मिश्रण चकचकीत झाल्यावर चरबी व उरलेला बर्फ घालतात. चरबीचा प्रत्येक कण प्रथिनाच्या पातळ पडद्यात बंदिस्त होतो. या सर्व काळात तापमान १२ ° से. च्या वर जाऊ द्यायचे नसते. ते वाढले तर चरबी मऊ होऊन पडदा फाटतो आणि शिजताना सॉसेजच्या आत तेलाचे थर व पाण्याचे डबके साचते. लगदा एकदा असा फाटला की पुन्हा सांधत नाही. बर्फाऐवजी पाणी घालणे, पाती बोथट असणे व चरबी आधी घालणे ही त्याची नेहमीची कारणे होत. पूर्वी नुकत्याच कापलेल्या जनावराचे अजून उबदार असलेले मांस वापरत. मृत्यूनंतरचा ताठरपणा येण्यापूर्वी मांसाची पाणी धरण्याची क्षमता सर्वाधिक असते. आज हेच काम पुष्कळदा फॉस्फेट किंवा सायट्रेट लवणे करतात.

पार्सली अगदी शेवटी, हाताने किंवा पाती सावकाश फिरवून मिसळतात. कटरमध्ये ती चिरडली तर लगदा हिरवा पडतो. लगदा साधारण २८ ते ३२ मिमी. व्यासाच्या आतड्यात फार घट्ट न भरता पीळ देऊन सॉसेज वेगळी करतात आणि ७० ते ७५ ° से. च्या पाण्यात सुमारे २५ मिनिटे शिजवतात. गाभ्याचे तापमान ७० ° से. च्या आसपास पोचले की ती थंड पाण्यात टाकतात.

गरम करणे : घरी किंवा खाणावळीत येणारे वाइसवुर्स्ट आधीच शिजलेले असते, त्यामुळे ते फक्त गरम करायचे. पाण्याला उकळी आणून भांडे चुलीवरून उतरवावे, चिमूटभर मीठ टाकावे आणि सॉसेज घालून सुमारे १० मिनिटे ठेवावे. उकळत्या पाण्यात ते फुटते, कारण आतले पाणी वाफ होऊन फुगते आणि त्याच वेळी आतड्याचे कोलॅजेन आकसते. मीठ न घातल्यास सॉसेजमधील मीठ व चव पाण्यात उतरते. पाण्यात मसाले घालण्याची गरज नसते. वाढतानाही सॉसेज त्याच गरम पाण्यासह झाकणाच्या चिनी मातीच्या भांड्यात देतात. कोरडे राहिले की साल सुरकुतते. मागणी नगावर करतात, जोडीवर नव्हे.

खाण्याची रीत : साल खात नाहीत. जुन्या पद्धतीत (‘त्सुत्सेल्न’) सॉसेज हातात घेऊन टोक मस्टर्डमध्ये बुडवतात व आतला गर दातांनी व ओठांनी ओढून घेतात. काट्या-सुरीने खाणारे सॉसेज लांबीत चिरून साल उलगडतात; चिरताना खालची साल अखंड ठेवली तर गर एका वळणात सुटतो. गोड मस्टर्ड म्यूनिकच्या योहान कोनराड डेवेलाय यांनी १८५४ मध्ये आणल्याचे सांगितले जाते. ते भरड वाटलेली मोहरी, व्हिनेगर व तपकिरी साखर यांचे असते. तिखट मस्टर्ड जायपत्री व लिंबाची नाजूक चव झाकून टाकते. ब्रेत्सन भाजण्यापूर्वी कॉस्टिक सोड्याच्या सुमारे ४ टक्के द्रावणात बुडवतात. तिचा तपकिरी, चकाकणारा पापुद्रा त्यातून येतो.

वाइसबिअर : या बिअरमध्ये किमान निम्मा माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) गव्हाचा असतो व वर तरंगणाऱ्या यीस्टने ती आंबवतात. तिचा केळ्यासारखा गंध आयसोअमाइल ॲसिटेटचा, तर लवंगेसारखा गंध ४-व्हिनाइल ग्वायाकोलचा. दुसरे हे द्रव्य माल्टमधील फेरुलिक आम्लापासून यीस्ट बनवते. म्हणून लवंगेचा गंध हवा असल्यास माल्ट भिजवताना ४५ ° से. जवळ काही काळ थांबतात. मद्यार्क सुमारे ५ ते ५·५ टक्के असतो. २३ एप्रिल १५१६ च्या बव्हेरियातील शुद्धता आदेशाने बिअरसाठी जव, हॉप (कडवटपणा देणारी फुले) व पाणी एवढेच मान्य केले होते. गव्हाच्या बिअरला त्यातून अपवाद मिळाला तो विशेषाधिकाराने : तो प्रथम डेगेनबर्ग घराण्याकडे होता, १६०२ मध्ये ते घराणे खुंटल्यावर ड्यूक मॅक्सिमिलियन पहिले यांच्याकडे आला. पुढे या बिअरचा खप ओसरला आणि १८७२ मध्ये गेओर्ग श्नायडर यांनी ती बनवण्याचा हक्क मिळवला.

ओतण्यापूर्वी अर्ध्या लिटरचा उंच ग्लास थंड पाण्याने विसळतात, म्हणजे फेस अनावर होत नाही. ग्लास तिरका धरून बाटली सावकाश रिती करतात, तळाशी दोन बोटे बिअर राखून ती फिरवतात आणि सुटलेल्या यीस्टसह वरून ओततात. ६ ते ८ ° से. हे योग्य तापमान. त्याहून थंड दिल्यास गंध दबतो. लिंबाची फोड घातल्यास फेस बसतो.

बाराचा संकेत : वाइसवुर्स्टने बारा वाजताचा चर्चचा घंटानाद ऐकू नये, असे म्यूनिकमध्ये म्हणतात. पहाटे भरलेले, न टिकवलेले सॉसेज शीतकपाटाविना दुपारपर्यंत खराब होई, हे त्यामागचे कारण. आजचे सॉसेज भरल्याबरोबर शिजवून थंडीत ठेवले जाते, तरी पुष्कळ खाणावळी हा संकेत पाळतात. ‘वाइसवुर्स्ट विषुववृत्त’ ही बव्हेरिया व उत्तर जर्मनी यांमधील गमतीची सांस्कृतिक सीमारेषा. कोणी ती डॅन्यूब नदीवर मानतात, कोणी माइन नदीवर.

‘म्यूनिकचे वाइसवुर्स्ट’ या नावाला भौगोलिक संरक्षण मिळवण्याचा प्रयत्न २००९ मध्ये जर्मन पेटंट न्यायालयात फसला, कारण हे सॉसेज शहराबाहेर बव्हेरियात दूरवर बनते. याच लगद्याची, पण आतड्याविना थेट गरम पाण्यात सोडलेली ‘वोलवुर्स्ट’ मात्र दुधात बुडवून लोण्यात परततात.