फरखेर, एस्थर

फरखेर, एस्थर : (१८ जुलै १९८१ – ). नेदरलँड्सची निवृत्त व्हीलचेअर टेनिसपटू. जन्म वूर्डन या गावी. एकेरीत सलग ४७० सामने जिंकण्याचा विक्रम तिच्या नावावर आहे.

मेरुरज्जूजवळच्या रक्तवाहिन्यांतील दोषामुळे आठव्या वर्षी तिच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर तिचे पाय कायमचे लुळे पडले. पुनर्वसनाच्या काळात ती चाकाच्या खुर्चीत बसून व्हॉलीबॉल, बास्केटबॉल आणि टेनिस शिकली. बास्केटबॉलमध्ये तर तिने थेट राष्ट्रीय संघापर्यंत मजल मारली; १९९७ मध्ये युरोपीय अजिंक्यपद जिंकणाऱ्या डच संघात ती होती. खुर्ची झटक्यात वळवण्याची तिची हातोटी पुढे टेनिसमध्ये फार उपयोगी पडली.

व्हीलचेअर टेनिसमध्ये चेंडूचे दोन टप्पे चालतात, त्यातला दुसरा कोर्टाबाहेर पडला तरी हरकत नसते. बाकी कोर्ट, जाळी, गुणांची पद्धत सगळे नेहमीचेच. ऐकायला ही सवलत मोठी वाटते. पण ज्या हातांनी फटका मारायचा त्याच हातांनी, रॅकेट न सोडता, चाकेही ढकलायची असतात, आणि बाजूला सरकण्याची सोय खुर्चीत मुळीच नसते. म्हणून खेळाडू फटका मारून थांबत नाही. लगेच खुर्ची फिरवून पुढच्या चेंडूची वाट धरतो. फरखेरचा खरा वरचष्मा इथे होता.

१९९९ मध्ये ती जागतिक क्रमवारीत प्रथम अव्वल ठरली. ३० जानेवारी २००३ रोजी सिडनीत ऑस्ट्रेलियाच्या डॅनिएला दी तोरोने तिला हरवले. तो तिचा एकेरीतला शेवटचा पराभव. त्यानंतर १२ फेब्रुवारी २०१३ रोजी निवृत्ती जाहीर करेपर्यंत, दहा वर्षे, तिला कोणीही हरवू शकले नाही.

प्रतिस्पर्धीच दुबळ्या होत्या, असे म्हणून हा विक्रम मोडीत काढणे अन्यायाचे आहे. या खेळात नेदरलँड्सची परंपरा जुनी आहे. पॅरालिंपिकमध्ये टेनिसची पदके १९९२ पासून दिली जाऊ लागली आणि पहिल्या दोन्ही वेळी महिला एकेरीचे सुवर्ण डच खेळाडूंनीच पटकावले. फरखेरला झुंजवणाऱ्या अनेकजणी तिच्याच देशाच्या होत्या. २००८ च्या बीजिंग पॅरालिंपिकच्या अंतिम सामन्यात कोरी होमानने दुसरा सेट घेतला आणि तिसरा टायब्रेकपर्यंत खेचला. फरखेर ६-२, ४-६, ७-६ अशी जिंकली. टायब्रेकमध्ये अंतर होते केवळ दोन गुणांचे. दुहेरीत मात्र त्याच स्पर्धेत तिला रौप्यावर थांबावे लागले.

सिडनी (२०००), अथेन्स (२००४), बीजिंग आणि लंडन (२०१२) अशा चारही पॅरालिंपिकमध्ये तिने एकेरीचे सुवर्ण जिंकले. दुहेरीतील तीन धरून एकूण सुवर्णपदके सात. लंडनच्या अंतिम सामन्यात तिने अनीक फान कोटला ६-०, ६-३ असे हरवले. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय टेनिस हॉल ऑफ फेममध्ये तिचा समावेश झाला.

अपंग मुलांना खेळाकडे वळवणारी एक संस्था तिच्या नावाने चालते. टोकियो पॅरालिंपिकसाठी डच पथकाचे प्रमुखपद तिच्याकडे होते. महिला एकेरीत तिच्यानंतर सर्वाधिक दबदबा निर्माण करणारी डीडे डे ख्रोट हीदेखील वूर्डनचीच. तिची विजयमालिका २०२४ मध्ये १४५ सामन्यांवर थांबली.